हिमानीचं नाक

सिग्नल हिरवा झाला. रागिणीने अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि मागच्या सीटवरून हिमानी तिच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाली, "आई, स्मेल आ रही है."

रागिणीने लगेच वेग कमी केला. मागच्या बसवाल्याने लांबलचक हॉर्न देऊन आपलं मत कळवलं. तिने आरशातून लेकीला विचारलं, कसला गं, जळका की गोड? हिमानीने थोडा विचार करून सांगितलं, गोड.

काल रबरासारखा होता. परवा सडक्या अंड्यासारखा. गॅरेजवाल्याने समजावलं होतं की गोड वास म्हणजे कूलंट गळतंय, रबराचा म्हणजे क्लच, आणि अंड्याचा म्हणजे सायलेन्सरकडचं काहीतरी. त्याने स्वतः गाडी दोनदा फिरवून आणली. त्याला कसलाच वास आला नाही. गाडी ठेवून जा मॅडमजी, इंजिन खोलावं लागेल, असं तो म्हणाला. पण शनिवारी त्यांना याच गाडीने घाट चढून सिमल्याला जायचं होतं. नवऱ्याला, अंशुमनला, फील्ड पोस्टिंगवरून दोन दिवसांची सुटी मिळाली होती आणि तो तिथे येणार होता. हिमानीने बापाला दिवाळीनंतर पाहिलं नव्हतं. आणि अशी गाडी घेऊन, लेकीला मागे बसवून घाटात जायची रागिणीची छाती होत नव्हती.

तिला स्वतःला वास येत असता तर प्रश्नच नव्हता. कोविडच्या तापात तिचं नाक गेलं ते गेलंच. तेव्हा हिमानी अंगावर पीत होती. दोघी एकाच पलंगावर तापाने फणफणल्या होत्या. पुढे लेक बोलायला लागली आणि घराला नाक मिळालं. फ्रीजमधलं कालचं दूध तिच्यापुढे धरायचं. सकाळी गॅस पेटवण्याआधी तिला कडेवर घेऊन ओट्यापाशी न्यायचं. अंशुमन फोनवर तिला नाकप्रमुख म्हणायचा. दुधाच्या बाबतीत नाकप्रमुख आजवर चुकली नव्हती.

या वासाचं मात्र रागिणीला काळजीइतकंच कुतूहल वाटायला लागलं होतं. गाडी उभी असताना वास नाही, हळू चालवताना नाही. वेग घेतला की आलाच. काल तिने ओट्यावर वाट्या मांडल्या: एकीत गुळाचा पाक, एकीत व्हिनेगर, एकीत जाळलेला रबरबँड. हिमानीने प्रत्येक वाटीत नाक घातलं, डॉक्टरसारखं तोंड केलं आणि आईकडे पाहत रबरबँडवर बोट ठेवलं. आणि आज गोड. एकाच गाडीला इतके आजार?

म्हणून आज ती सेक्टर तीसला निघाली होती. तिथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विनयाताई तिच्या आईच्या शेजारच्या. कालच सांगलीहून परतल्या होत्या. आईने त्यांच्याबरोबर पिशवी पाठवली होती. पिशवी घ्यायची आणि त्यांचं नाकही जरा गाडीतून फिरवून आणायचं, असा बेत.

विनयाताईंनी पिशवी हिमानीशेजारी ठेवली आणि पुढे बसल्या. काचा बंद का, एसी चालू का, वास आधी कुणाला येतो, सगळं विचारून झालं. गाडी निघाली. पहिल्या वळणावरच त्यांनी पदर नाकाला लावला.

"अगं, तुझ्या आईची हिंगाची डबी उघडली वाटतं. चांगलाच जहाल हिंग आहे, डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

रागिणी हसली. माहेरचा हिंग, तो तिला आता नुसता आठवत होता. आरशात तिने पाहिलं. पिशवी कलंडली होती. हिमानीच्या फ्रॉकवर, हातांवर पिवळी पूड सांडली होती आणि ती त्यात बोटाने रेघोट्या मारत बसली होती.

"काय गं, कसला वास येतोय सांग बघू," विनयाताईंनी मागे वळून विचारलं.

हिमानीने आरशात आईचा हसरा चेहरा पाहिला. "कोई स्मेल नहीं, आंटी."

विनयाताईंनी तिच्या हिंगाने पिवळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं. पुढे रस्ता मोकळा झाला. रागिणीने सवयीने स्टिअरिंगवर पुढे झुकून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. कान इंजिनाकडे, डोळे आरशात, भुवया आक्रसलेल्या.

"अब आ रही है," हिमानी म्हणाली. "रबर वाली."

रागिणीने गाडी कडेला घेतली, बंद केली. रोज सकाळचा ओटा तिच्या डोळ्यांसमोर आला. कडेवरची हिमानी, हातातला लायटर, आणि 'नहीं है आई' ऐकून निर्धास्तपणे फिरवलेलं बटण.

ती मागे वळली. आवाज जमेल तितका साधा ठेवून तिने विचारलं, "बाळा, स्मेल म्हणजे काय असतं गं?"

हा तर सोपा प्रश्न होता. हिमानी पुढे वाकली आणि हिंगाने माखलेलं बोट तिने आईच्या दोन भुवयांमधल्या आठीवर ठेवलं.

"ये है स्मेल."