फाइलीतलं पान

तिच्या पत्राला मी अकरा वर्षं उत्तर दिलं नाही. ती आमच्या शिशुवर्गात शिकाऊ बाई होती आणि मी तिला शिकवणारा. मुलांविषयी रोज एक पान लिहून फाइलीत लावायचं, हा तिचा अभ्यास. एकदा तिनं लिहिलं, 'वडील न्यायला आले की टिल्लू टेबलाखाली लपतो. आज त्याच्या पाठीवर वळ दिसले.'

"पोरी, हे राहू दे. घरचे भांडायला आले तर मला नाही झेपायचं."

"अहो सर, पण मी डोळ्यांनी पाहिलंय!"

मी पान काढून खिशात घातलं.

तीन आठवड्यांनी वडिलांच्या मारानं टिल्लू गेला. चौकशीवाल्यांनी फाइल चाळली. ती सांगत होती, लिहिलं होतं म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो. तिला काढून टाकलं.

पत्रात तिनं एवढंच विचारलं होतं, 'सर, मी ते खरंच लिहिलं होतं ना? की आता मनाची समजूत घालतेय?'

उत्तराचे किती मसुदे केले नि फाडले. आज पाकीट टपालपेटीत टाकलं. आत माझा एकही शब्द नाही. तिच्या अक्षरातलं ते पान आहे.