राक्षसाच्या कुऱ्हाडीचे तीन फासे

"तीन फासे," क्रिस्टा म्हणाली. "याच कुऱ्हाडीने राक्षसाने ड्वेनकाकांच्या पुजाऱ्याचे दोन तुकडे केले. तेव्हा तुम्ही तीन टाकलेत बाबा. मी मोजलेत."

"तो सोळा फुटी राक्षस होता," अर्लिन म्हणाला. "जोर त्याच्या दंडात. कुऱ्हाड म्हणजे नुसतं लोखंड. तुझ्या हातात तिला एकच फासा."

"मग माझ्या सिग्रिडने लुटून आणली कशाला? भाजी चिरायला?"

ड्वेन हसला. पुजारी मेल्यापासून तो हरणाच्या मांसाचं सॉसेज खात नुसता बघत बसला होता.

विस्कॉन्सिनमधल्या या तळघरात अर्लिन एकतीस वर्षं हा खेळ चालवत होता. गोष्ट तो सांगायचा, राक्षस तो चालवायचा, निवाडाही त्याचाच. बाकीचे एकेक पात्र चालवायचे: क्रिस्टा सिग्रिड नावाची लढवय्यी, ड्वेन पुजारी. राक्षसाचं हत्यार लुटलं, तरी राक्षसाची ताकद मिळत नाही, हा नियम त्याने कुणासाठी मोडला नव्हता.

आज त्याला तो नियम जड जात होता. मेलेल्या राक्षसाचा थोरला भाऊ सिग्रिडसमोर उभा होता. त्याच्या जीवाचे पंधरा गुण उरले होते, सिग्रिडचे चार. घावाच्या बारा बाजूंच्या एका फाशावर फार तर बारा येणार, म्हणजे राक्षस उरणारच. मग राक्षसाचा घाव बसला की सिग्रिड संपली.

आणि क्रिस्टाने मागच्याच महिन्यात सांगितलं होतं, "सिग्रिड मेली तर मी नवी लढवय्यी उभी करणार नाही हं बाबा. मग माझं येणं बंद."

आई गेल्यापासून ती दर शनिवारी दोन तास गाडी चालवून यायची, ती खेळायला. वर स्वयंपाकघरात बापलेकीचं बोलणं बाहेर पडलेल्या बर्फावर सुरू होऊन बर्फावरच संपायचं. इथे खाली मात्र ती त्याच्याशी तास तास भांडायची.

"पळ काढ की पोरी," ड्वेन म्हणाला.

"सिग्रिड पळत नाही."

अर्लिनने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"ठीक आहे. तीन."

ड्वेनचा घास हातातच राहिला. "अरे वा! मला राक्षसाची गदा मिळाली होती तेव्हा? मी हातापाया पडलो होतो तुझ्या!"

"तू सॉसेज खा."

क्रिस्टा वडिलांकडे बघत राहिली. "खरंच तीन?"

"खरंच. पण आधी वार लागू दे. वीस बाजूंचा फासा टाक. चौदा किंवा वर हवेत."

या टेबलावर प्रत्येकाची उंच काठाची लाकडी पेटी होती. फासा आपल्या पेटीत टाकायचा आणि आकडा सांगायचा. दुसऱ्याच्या पेटीत कुणी डोकावत नसे.

क्रिस्टाने फासा टाकला. तो खडखडला, थांबला. ती बघत राहिली.

"चार," ती म्हणाली.

"छे!" ड्वेनने मांडीवर हात मारला.

आता राक्षसाची पाळी. अर्लिनने आपला फासा सगळ्यांसमोर उघड्यावर टाकला. अठरा.

"सिग्रिड पडली," तो म्हणाला.

"शूर होती," ड्वेन म्हणाला. "पोरी, पुढच्या शनिवारी दुसरी कर. धनुष्यवाली."

"नको काका." क्रिस्टाने कोट चढवला. वाकून तिने वडिलांच्या टकलावर ओठ टेकवले. "तुमची काही चूक नाही बाबा. तुम्ही तर नियमही मोडलात. फोन करते."

जिन्यावर तिची पावलं वाजली. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ड्वेनही उठून कॉफी आणायला वर गेला.

अर्लिन आवरायला लागला. तीन फासे न टाकलेले टेबलावर तसेच पडले होते. ते ठेवायला त्याने क्रिस्टाची पेटी जवळ ओढली.

पेटीतल्या फाशावर एकोणीस होते.