मधली बाई

"यातलं लुगांडा कुठलं बोलतं?" मायांबालाने विचारलं.

काउंटरवर रस्ता दाखवणारी तीन यंत्रं मांडली होती. एक मोठ्या पडद्याचं, दुसरं पुढची कोंडी आधीच ओळखणारं. दोन्ही इंग्रजी बोलणारी. तिसरं जुनं, काचेवर चरा पडलेलं.

"हे," दुकानातली झैतून म्हणाली. "पण साहेब, आवाज ऐकून पळाल. आमच्या मालकाच्या मावशीचा आहे." तिने बटण दाबलं.

"डावीकडे वळ. वळ म्हणते ना!" यंत्र खेकसलं.

"टॅक्सीवाले ना तुम्ही?" झैतूनने विचारलं. "कंपाला शहर तोंडपाठ असेल. तुम्हाला कशाला हे?"

"आईंना दवाखान्यात न्यायचं असतं. बायकोच्या आईंना."

झैतूनची थट्टा जागीच विरली. जावई आणि सासू एका गाडीत! "मग मधे कोण बसतं?"

"बायको बसायची."

त्याच्या बायकोला, नाकिमुलीला, जाऊन चार महिने झाले होते. मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्या आईचं रक्त यंत्रावर शुद्ध करायला न्यावं लागे. त्यांच्या रीतीप्रमाणे सासू-जावयांनी एकमेकांकडे बघायचं नाही, थेट बोलायचं नाही. नाकिमुली दोघांच्या मधे बसून इकडचं तिकडे सांगायची. ती गेली आणि गाडीतलं बोलणंच संपलं. गेल्या मंगळवारी सासूबाईंना वाटेत तीनदा घेरी आली. गाडी थांबवा म्हणून त्या एकदाही बोलल्या नाहीत. सांगणार कोणाला? दवाखान्याच्या दारातल्या नर्सने त्याला झापलं, "आणखी थोडा उशीर झाला असता तर परत न्यायला माणूस उरलं नसतं."

"मग कोंडीवालं घ्या," झैतून म्हणाली. "लवकर पोचाल."

"पुढून कुणी परकी बाई इंग्रजी झाडायला लागली, तर आई घाबरतील. हिला आडवाटा कळतात ना? बास झालं."

शुक्रवारी त्याची सासू नबुकीरा डोक्यावरून कापड ओढून मागे बसली. गाडी निघाली.

"सरळ जा. सरळ!" यंत्रातली मावशी ओरडली.

मागे कापड सळसळलं. पहिल्या चढावर मागून बारीक आवाज आला.

"अगं बाई, जावईबापूंना सांग, जरा थांबा. मला गरगरतंय."

मायांबालाने तिथल्या तिथे गाडी एका बोळात, फणसाखाली घेतली. काचा खाली केल्या. मान वळवली नाही.

"आईंना सांग," तो यंत्राला म्हणाला, "सीटच्या खिशात पाणी आहे. सावकाश प्या म्हणावं."

"चुकलास! मागे वळ!"

"तू गप्प बस गं," नबुकीरा म्हणाली, आणि हसली. ते हसणं त्याने चार महिन्यांनी ऐकलं.

दहा मिनिटांनी खड्ड्यांतून गचके खात गाडी बोळाबाहेर आली.

"त्यांना विचार, जेवतात की नाही? मान बारीक झालीये. मी बघितलं नाही हो. नुसतं दिसलं."

"सांग, हिरव्या केळ्यांचे मटोके रोज करपतात."

"म्हणावं, लग्नानंतर नाकिमुलीचेही वर्षभर करपायचे. शेजारणीकडचे आणून तुम्हाला वाढायची. तुम्ही बोटं चाटायचात!"

मायांबालाला डोळे पुसावे लागले. शेजारीण काय घालते त्यात, हे त्याने यंत्रालाच विचारलं. उत्तर रुग्णालयापर्यंत पुरलं.

फाटकापाशी त्याने यंत्र बंद करायला हात पुढे केला. ते बंदच होतं. बोळातल्या खड्ड्यांत वायर निसटली होती. पडदा तेव्हापासून काळा पडलेला, आणि मागच्या सीटवरून अगदी समोर दिसणारा.

नबुकीराने कापड सावरलं, दार उघडलं. उतरता उतरता काळ्या पडद्याकडे वळून ती म्हणाली,

"मंगळवारी ये गं. तुझ्याशिवाय आमचं अडतं."