चेंडू कुठल्या हातात?

दिवाळे गावच्या कमळाकरला हातचलाखीचा नाद होता. लिंबाएवढा लाकडी चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकल्यासारखं तो करायचा, पण ठेवायचा पहिल्याच तळव्यात दाबून. मग दोन्ही हात पालथे पुढे धरून विचारायचा, चेंडू कुठल्या हातात? गणपतीत अंगणात जमलेले सगळे फसायचे, त्याची बायको गोजरा तेवढी फसत नसे. चेंडू असलेल्या हाताची बोटं किंचित आवळली जातात, हे तिने केव्हाच हेरलं होतं. तो वर्षभर सराव करायचा, तरी ती बोटं काही सैल पडत नसत.

कमळाकर कामाला होता ते मिठागर बंद झालं आणि तो बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत लागला. तिथे तो हातमोज्यांशिवाय पिंपं धुवायचा.

त्र्याऐंशी सालच्या गणपतीत त्याचे दोन्ही हात अगदी सैल दिसत होते. गोजराने बराच वेळ निरखून पाहिलं आणि पहिल्यांदाच हार मानली.

"यंदा मला नाय कललं," ती हसत म्हणाली. "तुमीच सांगा, कुठल्या हातात हाय?"



"थांब," कमळाकर म्हणाला, "बगून सांगतो."