दक्षिण सोडून

"उत्तरेला शांती असो," सुचेता म्हणाली, आणि झाडाच्या बुंध्याला पाठ टेकवून नेहमीसारखी जरा जास्तच वेळ उभी राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "नीज गं, सई."

बाकावर बसलेल्या रणजितने मान वर केली. आपल्या मुलीचं नाव तो पहिल्यांदाच ऐकत होता. बारसं बाराव्या दिवशी ठरलं होतं आणि पोर नवव्या दिवशीच गेली. नाव आधी कुणाला सांगायचं नाही, आत्यानेच फोनवरून बाळाच्या कानात सांगायचं, असा सुचेताचा हट्ट होता. नंतर ते तिला कुणी विचारलंही नाही.

जपानमधल्या हिगाशी-कसाईच्या या बागेत तो आज प्रथमच आला होता. शनिवार असून पहाटे साडेपाचला तो बूट घालायला लागला, तेव्हा दारातच सुचेता म्हणाली होती, "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" दोन महिन्यांत ती पहिल्यांदा थट्टेत बोलली होती. त्याला तेवढ्यानेही बरं वाटलं.

तिचं हे ड्रुइड प्रकरण त्याला अर्धवटच ठाऊक होतं. इंग्लंडात फार पूर्वी झाडांना मानणारे लोक होते, त्यांचं नाव घेऊन आजची माणसं ही साधना करतात, आणि तिचे धडे इंटरनेटवर मिळतात, एवढंच. पहिल्या धड्याची पानं त्यानेच ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणली होती, न वाचता. एक झाड निवडा. त्याची परवानगी मागा. चारी दिशांना शांती मागा. मग गप्प बसा.

ते गप्प बसणंच सुचेताला पटलं होतं. बाकी सगळ्यांकडे उत्तरं तयार होती. सासूबाईंकडे मागच्या जन्माचं पाप होतं. आईकडे 'पुढच्या वर्षी बघ' होतं. बागेतल्या कापराच्या झाडाकडे काहीच नव्हतं. पान चुरगळलं की देवघराचा वास यायचा, तेवढाच.

पहिल्या दिवशी तिने फाटकापाशी उभं राहून नकाशाचा फलक नीट पाहून घेतला होता. त्यावरचं एकही अक्षर तिला वाचता येत नव्हतं. पण नकाशात वरच्या बाजूला उत्तर असते, हे चौथीच्या भूगोलात शिकलेलं होतं आणि त्यासाठी जपानी येण्याची गरज नव्हती. त्याप्रमाणे तिने झाडाभोवती गोटे मांडले. उत्तर, पूर्व, पश्चिम. गोटे तीनच.

दक्षिण तिने सोडली होती. पोर गेली तेव्हा सासूबाईंनी फोनवर सांगितलं म्हणून रणजितने स्वयंपाकघरात पणती लावली होती. गेलेल्या माणसासाठी लावतात तशी, वात दक्षिणेकडे करून. सुचेता हॉस्पिटलमधून घरी आली, तिने पणती बघितली आणि नळाखाली धरून विझवली. सिझेरियनचे टाके पिकले होते, दहनाला तिला कुणी जाऊ दिलं नव्हतं. पोरीला जाताना तिने पाहिलंच नव्हतं. आता दक्षिणेकडे तोंड करायचं म्हणजे ती गेली हे कबूल करायचं, आणि सुचेताला ते कबूल नव्हतं. म्हणून ती रोज पोरीला उत्तरेला निजवत होती. यमाच्या दिशेपासून जितकं लांब जमेल तितकं.

पूर्वेला शांती मागून झाली. पश्चिमेला झाली. सुचेता खाली बसायला लागली.

"दक्षिण राहिली," रणजित म्हणाला. त्याने ती पानं अखेर काल रात्री वाचली होती.

"दक्षिण नाही करायची मला."

"अगं, पण त्यात लिहिलंय…"

"नाही म्हटलं ना."

त्सुयु, म्हणजे इथले पावसाळी दिवस, लागून तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे आभाळ ओल्या घोंगडीसारखं डोक्यावर होतं आणि पहाटे कधी ऊन म्हणून पडलं नव्हतं. आज मात्र ढग हलले. दोन इमारतींच्या मधून उन्हाची तिरीप आली आणि झाडाखालच्या एका गोट्यावर पडली.

सुचेता त्या गोट्याकडे बघतच राहिली.

"रणजित, हा तर पश्चिमेचा आहे."

रणजितने सूर्याकडे पाहिलं, गोट्यांकडे पाहिलं, मग फाटकाकडे. त्याला हसू आलं.

"फाटकावरचा नकाशा बघून मांडलेस ना? इथल्या फलकांवर वर उत्तर नसते गं. फलक वाचताना आपलं तोंड जिकडे असतं, ती दिशा वर. पहिल्या आठवड्यात मीही ऑफिस सोडून भलतीकडेच चालत गेलो होतो. म्हणजे तुझं सगळंच उलटं झालंय. तुझी उत्तर म्हणजे…"

त्याचं हसू तिथेच थांबलं. पुढचा शब्द त्याच्याने बोलवेना.

सुचेताने तो मनातच पुरा केला. एकवीस दिवस. जिकडे तोंड करायचं नाही म्हणून तिने पणती विझवली होती, तिकडेच तोंड करून ती एकवीस दिवस रोज पोरीला नीज म्हणत होती. ती झाडाला धरून रडायला लागली. दवाखान्यात रडली नव्हती, घरी रडली नव्हती, ते सगळं आता बाहेर आलं. रणजित तिच्याशेजारी मातीत बसला. त्यालाही रडू आवरेना.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले आणि तिचा पहिला गोटा उचलायला हात पुढे केला. "नीट मांडून देऊ का परत? खऱ्या उत्तरेला?"

सुचेताने त्याचा हात धरला.

"नको," ती म्हणाली. "तिथेच निजलीय ती."