साहेबांचा शेवटचा दौरा

फुलांनी सजवलेला ट्रक वलगावात थांबला तेव्हा वच्छलाबाईंचा डोळा लागला होता. मांडीवरचा नवऱ्याच्या अस्थींचा कलश मात्र दोन्ही हातांत घट्ट होता.

“काकू, उठा. लोक दर्शनाले आले,” पुतण्या मनोज म्हणाला.

त्यांनी डोळे उघडले. खाली माणसंच माणसं. खुशालराव साहेबांच्या फोटोला हार घातलेला, भोंग्यावर ‘अमर रहे’ चाललेलं. सकाळी मोर्शी सोडली तेव्हापासून हेच होतं. अमरावतीत तर ट्रक चालण्यापेक्षा उभाच जास्त होता. अकोल्याला सभा, मग पूर्णा नदीत विसर्जन, असा कार्यक्रम मनोजने आखला होता. साहेबांची जागा आता त्याला लढवायची होती.

एक म्हातारी गर्दीतून वाट काढत आली. तिने कलशापुढे फुलांऐवजी मेथीची जुडी ठेवली.

“मी पार्बताबाई. उन्हात बसून भाजी इकत होतो आमी. साहेबानं वर पत्रे टाकून देल्ले. उद्घाटनाले आले तं माह्याजवळूनच मेथी घेतली. म्हणे, घरी गेलो की खाईन.”

“खाल्ली नाई त्यायनं,” वच्छलाबाई म्हणाल्या. “घरीच नाई आले तवा.”

म्हातारी हसली आणि हसता हसताच तिने डोळ्यांना पदर लावला.

ट्रक पुन्हा हलला. दोन्ही बाजूंना काळी रानं सावकाश मागे सरत होती. वच्छलाबाईंना पुन्हा गुंगी आली. मोर्शीच्या घरच्या संत्र्याच्या बागेत आंबिया बहार फुटला होता, आणि त्या पांढऱ्या फुलांचा वास इथवर मागे मागे येतोय असं त्यांना वाटत राहिलं. झोप आणि जाग यांच्यामध्ये कुठेतरी साहेब बागेतल्या बाजेवर बसलेले दिसत. पायात चपला नाहीत, हातात सोललेलं संत्रं. प्रत्यक्षात असे ते कधीच बसले नव्हते.

आधी सरपंच झाले, मग सभापती. मग तीनदा आमदार, त्यात एकदा राज्यमंत्री. दर निवडणुकीला फॉर्म भरायला निघताना सांगत, “यावेळी पडलो ना, तं बागेतच बसतो तुह्याजवळ.” एकदा खरंच पडले. वच्छलाबाईंनी नवी बाज विणून घेतली. पक्षाने त्यांना विधान परिषदेवर घेतलं. बाज पाहुण्यांच्या कामी आली.

राख सावडून आणली त्या दिवशी रिवाजाप्रमाणे ते गाठोडं घरात न घेता बागेतल्या संत्र्याला टांगलं होतं. मनोज दौऱ्यासाठी चकचकीत कलश घेऊन आला तेव्हा वच्छलाबाईंनी त्याला एवढंच मागितलं होतं, “एक मूठ मले राहू दे. बागेत ठेवीन.”

“काकू, काका आता आपल्या घरचे राह्यले नाई. जनतेचे हायेत. अन् अर्धवट अस्थी नेल्या तं लोक काय म्हणतीन?”

वच्छलाबाई म्हणाल्या, “बरं. कलश मीच भरतो. तेवढं तं करू देशीन?”

पहाटे, सगळ्यांच्या आधी उठून त्यांनी कलश भरला. तोंडाला लाल कापड बांधलं, वर गाठीवर गाठ मारली. मनोज आंघोळीचं पाणी घ्यायला परसातल्या चुलीजवळ आला तोवर कलश तयार होता. त्यांच्या पायांना बागेतली ओली माती लागली होती. मनोजला वाटलं, काकू झाडाजवळ रडत बसल्या असतील.

अकोल्याच्या सभेत साहेबांचे जुने विरोधक उत्तमराव बोलायला उभे राहिले.

“मी यायले एकदा पाडलं. दुसऱ्या दिवशी हा माणूस माह्याच घरी चहाले हजर! म्हणे, उत्तमराव, आता लोकायची कटकट तुमी आयका, मी घरी चाल्लो. पण घरी काई गेला नाई गडी. इतक्या वर्षांत मले एकच खोटं बोलला, ते हे.”

लोक हसले. उत्तमरावांनी कलशावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. वच्छलाबाईंनी मान फिरवली.

पूर्णेच्या काठी ऊन कलतं झालं होतं. पाणी हलत नव्हतं, की हलत असूनही दिसत नव्हतं, कोण जाणे. मनोज कॅमेऱ्यांसमोर कलश घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला. तिथे मात्र त्याचं मन बदललं. तो मागे वळला. त्याचे डोळे भरले होते.

“काकू, चुकलो मी. कापड सोडतो. तुमी एक मूठ घेऊन घ्या. घरी न्या काकाले.”

सगळे वच्छलाबाईंकडे बघू लागले.

“नको,” त्या म्हणाल्या. “जनतेचं जनतेले दे. कापड नको सोडू. कलशासकट जाऊ दे.”

बायकांनी डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, बाई असावी तर अशी. कलश पाण्यात गेला, चार बुडबुडे आले आणि नदी पुन्हा होती तशी झाली.

दुसऱ्या दिवशी मोर्शीला मनोजची बायको हर्षा परसातून हाक मारत आली.

“काकू, चुलीतली राख कोणी नेली हो? वांग्यावर टाकायले काढून ठेवली होती मी. चिमूटभरबी नाई राह्यली!”

वच्छलाबाई कळशी घेऊन बागेत गेल्या आणि गाठोडं टांगलं होतं त्या संत्र्याखाली, ताज्या उकरलेल्या मातीशेजारी, बाज ओढून बसल्या. मातीवर हळूहळू पाणी सोडत म्हणाल्या, “आयकलं का, दौरा चांगला झाला. तुमी नव्हते, तरी गर्दी लय होती.”