चढते खांब

फ्रेंच प्रती संपल्या होत्या, म्हणून हेदीने सिमेंट कंपनीचा वार्षिक अहवाल अरबीतच आणला. आलेखातले नफ्याचे पाच खांब पाहून तो खुलला.

"बघ, कसे चढत गेलेत! उद्या निवृत्तीचे सगळे दिनार यात."

"नीट वाचलंस का?" त्याच्या बायकोने, दलेंदाने विचारलं.

"आलेखात वाचायचं काय? तू मशिदीतल्या शाळेत शिकलेली, तुला काय कळणार!"

तिने चष्मा लावून खांबांखाली बारीक अक्षरात छापलेली वर्षं पाहिली.

"हेदी, अरबी कुठून वाचतात रे?"

त्याने उजवीकडून बोट फिरवलं. दर वर्षी खांब बुटका होत होता.

"सुटलो गं!" त्याने शेअरचा अर्ज फाडला. "उद्या दुसऱ्या कंपनीचा अहवाल आणतो. अरबीतलाच. आधी तू बघ."